द्रोणागिरीची राहुटी

उरणच्या द्रोणागिरीवर श्रावणांतल्या एका रात्रीं जी राहुटी कोरडी राहिली, ती हिमालयांत ऐन हिंवाळ्यांतहि टिकेल, असें आमच्या गिर्यारोहक मंडळींत मोठ्या विश्वासानें सांगण्यांत येतें. नामसादृश्याचा हा महिमा असावा! मारुतीनें पर्वत नेला तेव्हां त्याचा एक तुकडा येथें पडला, अशी उरणची आख्यायिका. आणि द्रोणागिरी नांवाचा थोरला पर्वत तो गढवालांतला, ७०६६ मीटर उंचीचा. तुकड्यावरून पर्वत जोखण्याची रीत भाविकाला शोभेल; दोन जिवांचा निवारा निवडणाऱ्याला ती शोभत नाहीं.

उरणचा पाऊस आम्ही क्षुल्लक लेखीत नाहीं. परंतु पावसाची राहुटी आणि बर्फाची राहुटी यांचे धर्मच भिन्न. कोंकणांत उकाडा फार, म्हणून आंतला पडदा जाळीचा बरा. हिंवाळी डोंगरावर त्याच जाळींतून पिठासारखा बर्फ अंथरुणावर येतो. तेथें पडदा सलग कापडाचा हवा आणि बाहेरचें आवरण जमिनीपर्यंत उतरलेलें हवें. दुकानदार मिलिमीटरांतला आंकडा पुढें करतो. कापड पाण्याचा किती दाब सोसतें एवढेंच तो आंकडा सांगतो. वाऱ्यानें दांडी मोडेल काय, रात्रभर सांचलेल्या बर्फाखालीं छत बसेल काय, याविषयीं तो मुका आहे. तें ठरतें दांड्यांवर. त्या एकमेकींना किती ठिकाणीं छेदतात आणि कशाच्या आहेत, हें आधीं पाहावें. फायबरग्लासची स्वस्त दांडी कडाक्याच्या थंडींत चिरते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची वांकली, तर वर नळी चढवून रात्र निभावतां येते. मुरमांत घट्ट बसणारी बारीक मेखहि भुसभुशीत बर्फांत निरुपयोगी. तेथें बर्फानें भरलेली पिशवी आडवी पुरून तिला तणावा बांधतात. सबब तणाव्यांच्या जागा किती व त्यांची शिवण कशी, याची चौकशी वजनाच्या अगोदर व्हावी.

पण वजनाचें वेड! 'दीड किलोंत दोघे' हें ऐकून शहाणेहि भुलतात. हिंवाळ्याची दणकट राहुटी तीन-चार किलोंची असते हें खरें; पण ती दोघांनीं वांटून न्यावयाची असते, हा हिशेब कोणी करीत नाहीं. हलकेपणाचे कैवारी टास्कर-रेनशॉ या जोडीचें नांव घेतात. १९७५ सालीं गढवालच्या द्रोणागिरीवर ते दोघेच थोडक्या सामानानिशीं चढले, तेंहि शरदांत, हिंवाळ्यांत नव्हे. उतरतांना अन्न व इंधन संपलें आणि रेनशॉच्या बोटांना हिमदंश झाला, हा उत्तरार्ध मात्र सांगावयाचा राहून जातो.

आणखी एक. कापड सलग हवें म्हणजे राहुटी डबीसारखी बंद हवी, असें नव्हे. वायुवीजनाचीं भोंकें बर्फानें बुजलीं आणि आंत स्टोव्ह पेटला, कीं कार्बन मोनॉक्साइड निजलेल्याला उठूं देत नाहीं. तीं भोंकें उंचावर असावींत व आंतून मोकळीं करतां यावींत.

उरणच्या टेकडीचा उपयोग आहे, पण तो निराळा. रात्रीं, जाड हातमोजे घालून, समुद्रावरचा वारा अंगावर घेत दोघांनींच राहुटी उभारून पाहावी. हातमोज्यांसकट दांडी तिच्या खोबणींत बसत नसेल, तर दुसऱ्या दिवशीं ती दुकानांत परत करावी.