आरोग्यचर्चा : दोन्ही हातांची नाडी

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, आणि पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. बाहेरून शरीरांत शिरलेल्या जंतूंचा समाचार असलीं औषधें घेतात. परंतु शरीराचे पहारेकरीच घरच्या माणसांवर उलटले म्हणजे त्यांचा कांहीं उपयोग होत नाहीं. अशा स्वयंप्रतिकार विकारांत सांधे दुखतात हें बहुतेकांस ठाऊक असतें. रक्तवाहिन्याहि त्यांच्या तावडींत सांपडतात हें फारसें ठाऊक नसतें. त्यांपैकीं एकच विकार आज आम्हीं विचारासाठीं घेतला आहे, कारण तो मुख्यतः घरांतील तरुण मुलीसुनांना गांठतो.

१९०८ सालीं जपानांत ताकायासू नांवाच्या नेत्रवैद्यानें एकवीस वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची विलक्षण रचना वर्णन केली. अशा रुग्णांच्या मनगटास नाडीच लागत नाहीं, हें त्याच वेळीं त्याच्या दोन व्यवसायबंधूंनीं निदर्शनास आणलें. रोगास नांव मात्र ताकायासूचें पडलें. तथापि हा विकार आपल्याकडे परका नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर व त्यांचे सहकारी यांनीं १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

यांत हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीस व तिच्या शाखांस सूज येते, भिंती जाड होतात आणि आंतील वाट अरुंद होत जाते. आरंभीं बारीक ताप, वजन घटणें, थकवा एवढेंच दिसतें. अशा वेळीं "हिला कामाचा कंटाळा आहे" हा शेरा आपल्या घरांतून किती सहज निघतो! पुढें वेणी घालतांना किंवा दोरीवर कपडे टाकतांना हात भरून येतो, घेरी येते, मान दुखते. आपल्या देशांत पोटांतील महाधमनी व मूत्रपिंडांच्या धमन्या यांवर रोगाचा विशेष रोख असल्यानें, पंचविशींतल्या मुलीचा रक्तदाब अकारण वाढलेला आढळणें हेंच पुष्कळदां पहिलें चिन्ह ठरतें.

जुने वैद्य पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहत; आजचे डॉक्टरहि घाईंत एकाच हातास पट्टा बांधतात. या रोगांत नेमकें येथेंच फसावयास होतें. ज्या हाताची धमनी अरुंद झाली, आणि ती बरेचदां डाव्याच हाताची असते, त्या हाताचा आंकडा कमी येतो; प्रत्यक्षांत दाब भयंकर असूं शकतो. म्हणून दोन्ही हातांचा दाब मोजावयास सांगण्यांत संकोच करूं नये. दोहोंत दहा अंशांहून अधिक फरक पडला तर तपास व्हावा. फरक म्हणजे हाच रोग असें मात्र नव्हे. दोन्ही हात बिघडले असतील तर पायाचा दाब पाहावा लागतो. मापनाची सोय भोसरी-चाकणच्या कोणत्याहि दवाखान्यांत आहे. रक्ताच्या तपासणींत सूज दिसली नाहीं म्हणून निश्चिंत होतां येत नाहीं. खरा उलगडा सी. टी. किंवा एम. आर. आय. यंत्रानें रक्तवाहिन्यांचें चित्र घेतल्यावरच होतो.

उपचार संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखालीं चालतात. प्रेडनिसोलोन हें मुख्य, जोडीला मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें. त्यांपूर्वीं क्षयाची तपासणी आवश्यक, कारण दबलेला क्षय या औषधांनीं डोकें वर काढतो. फुग्यानें धमनी रुंद करणें किंवा नवी वाट जोडणें हें शक्यतों सूज शमल्यावरच करतात. एरवीं ती पुन्हां आकसते.

खरा धोका निराळाच आहे. गोळ्यांनीं चेहरा वाटोळा होतो, बघण्याचा कार्यक्रम जवळ येतो, आणि आईच गोळ्या बंद करते. प्रेडनिसोलोन एकाएकीं सोडल्यास जीवावर बेतूं शकतें. सासरपासून रोग लपवून चोरून औषध घेणाऱ्या मुलीचें औषध केव्हांतरी चुकणारच. आमच्या मतें अशी सोयरीक न झालेली बरी. रोग आटोक्यांत असतां अनेक स्त्रियांना सुखरूप अपत्यें होतात, परंतु मेथोट्रेक्सेट गर्भास घातक असल्यामुळें डॉक्टरांशीं बेत आधींच ठरला पाहिजे.

घरीं दाबाचें यंत्र ठेवणार असाल तर कोणत्या हाताचा आंकडा खरा धरावयाचा हें डॉक्टरांस विचारून त्या यंत्राच्या पेटीवरच लिहून ठेवावें.