व्ह्यू पॉइंटची वाट

आमचं सासर रोहिणखेडचं. गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना डोंगराची कड समोर दिसते, आणि लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी ती कड आम्ही पायी कधी चढलो नव्हतो. वर गेलो ते एस.टी.ने, जीपने, नाहीतर बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या गाडीतून. घाटाखालचं गाव म्हणूनच इथे पूर्वी फौजांची गाठ पडली. १४३७ मध्ये खानदेशच्या नासिर खानाचा पराभव इथेच झाला आणि १५९० मध्ये अहमदनगरचा जमाल खान इथेच मारला गेला. त्याच्या गटातल्या खुदावंद खान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मशीद आजही गावात उभी आहे. लहानशी, पण देखणी. वर्गात मुलांना हे सगळं आम्ही मोठ्या उत्साहाने सांगतो. त्या सैनिकांनी हा घाट पायी चढताना काय सोसलं असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

यंदा श्रावणात आमच्या थोरलीने हट्ट धरला. ती नववीत आहे. "अजिंठ्याची लेणी पाहिली, पण खालून. मला वरून बघायचीत." रविवार धरला, कारण सोमवारी लेणी बंद असतात. आम्ही, हे, दोन मुलं, नणंदबाई आणि सासूबाई असे सहाजण जीपने निघालो. बुलढाण्यावरून अजिंठा गावात आलो. घाट उतरून फर्दापूरला जाण्याआधीच लेणापूरच्या बाजूला व्ह्यू पॉइंटचा फाटा आहे. जीप थेट माथ्यापर्यंत गेली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासाठी सतरंजी आणि थर्मास वरच ठेवला, ड्रायव्हरला लक्ष ठेवायला सांगितलं.

वाचक भगिनींनो, त्या कड्यावरून जे दिसतं ते फोटोत मावत नाही. वाघूर नदीने डोंगर घोड्याच्या नालासारखा कापून काढला आहे. समोरचा कडा सुमारे अडीचशे फूट उंच आणि त्याच्या कमरेला पट्टा बांधावा तशी तीस लेण्यांची ओळ. नालाच्या टोकाला सप्तकुंड. पाणी एका दमात खाली पडत नाही. एका कुंडात उतरतं, तिथे भरतं, मग पुढच्या कुंडात. धाकट्याने विचारलं, "पायऱ्या कोणी केल्या?" साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक बसले. कुठला थर कठीण, कुठला ठिसूळ. पाण्याने ठिसूळ थर लवकर झिजवला आणि कठीण तसाच राहिला, म्हणून पायऱ्या. आमच्या घाटातल्या कापलेल्या दरडीतही असेच आडवे थर आहेत. रोज एस.टी.च्या खिडकीतून दिसतात, पण खिडकीजवळची जागा मिळाली तर आपण डोळे मिटून घेतो.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला इकडे आला होता. याच बाजूने त्याला पलीकडे दहाव्या लेण्याची कमान दिसली, असं सांगतात. आत जाऊन त्याने चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. हे ऐकून थोरली म्हणाली, "म्हणजे भिंतीवर नाव लिहिणारे तेव्हापासूनच आहेत." ज्यांनी ती चित्रं जपली त्यांचं नाव मात्र मुलांना माहीत नसतं. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी लेण्यांची निगा राखवली, १९२० च्या सुमारास इटलीहून कारागीर आणवून पोपडे धरलेली चित्रं पक्की करून घेतली, आणि पुढे अजिंठ्यावर मोठे ग्रंथ काढले. उर्दूच्या तासाला आम्ही हे नाव मुद्दाम घेतो.

माथ्यावरून खाली नदीपर्यंत वाट उतरते. मध्ये एक खालचा व्ह्यू पॉइंट लागतो, त्यापुढे पूल आणि पलीकडे लेणी. अंतर इतकं थोडं की वरून पुलावरची माणसं मोजता येतात. तिथेच फसगत होते. डोंगर चढायचा असेल तर दम आधी लागतो आणि माणूस वेळीच परत फिरतो. इथे आधी उतार आहे. पायऱ्या, मध्येच सुटे दगड, पावसाने शेवाळलेले कोपरे. गुडघे थरथरतात, पण दम लागत नाही. नणंदबाई चपलांवर आल्या होत्या, दोनदा घसरल्या, मग चपला हातात घेतल्या. आमचा बुरखा पायात येत होता तो थोरलीने पिना लावून आखूड केला. खालच्या व्ह्यू पॉइंटवर सप्तकुंडाचा आवाज छातीत घुमतो. तिथूनच परतू, असं हे म्हणाले. आम्हीच म्हणालो, आलोच आहोत तर नदीपर्यंत जाऊ.

परतताना सगळे पुढे गेले. पन्नासेक पायऱ्यांनंतर आमची छाती धडधडू लागली, कानात घूं घूं, डोळ्यांपुढे काळे ठिपके. सोबतचं पाणी उतरतानाच संपलं होतं. आम्ही दगडावर टेकलो आणि वर बघून हात केला, "या सावकाश, फोटो काढतेय." फोन पर्समध्ये होता. खरं तर शाळेचा जिना चढताना महिनोन्महिने असंच होत होतं. वर पोचलं की फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायची, तेवढ्यात दम जिरतो. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की दवाखाना, दवाखाना म्हटलं की रजा.

थोरली परत खाली आली. "अम्मी, तुझे ओठ पांढरे पडलेत." तिने कोणाला हाक मारली नाही, शेजारी बसली. मग म्हणाली, वीस पायऱ्या चढायच्या, शंभर आकडे मोजायचे. ती मोजायची, आम्ही श्वास घ्यायचो. उतरायला अर्धा तास लागला होता, चढायला सव्वा तास. माथ्यावर सासूबाईंनी काही न विचारता थर्मासमधला चहा दिला. बाटलीच्या पाण्याने वजू करून जोहर तिथेच सतरंजीवर अदा केली. सजद्यातून उठताना पुन्हा ठिपके आले. तेव्हा मात्र ह्यांना सांगितलं.

मोताळ्याला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.२. बाईचं १२ च्या खाली असलं की पंडुरोग धरतात. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांची हीच गत आहे, म्हणाल्या. पाळीत जाणारं रक्त, सगळ्यांच्या शेवटी उरलेलं जेवण आणि जेवणावर लगेच चहा. लोहाची गोळी सुरू झाली आहे. ती चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. गोळीचा त्रास नाही, जेवणानंतरचा चहा सोडण्याचा आहे. एकोणीस वर्षांची सवय.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून थोरलीचंही रक्त तपासलं. १०.४ निघालं. शंभर आकडे मोजताना ती स्वतःही दम खात होती, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. आता सकाळी फज्रनंतर आम्ही दोघी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जातो, थांबत थांबत. सासूबाई गुडघ्यांचं कारण सांगून रक्त द्यायला तयार नव्हत्या. परवा स्वतःच म्हणाल्या, "मोताळ्याला जाणार असाल तर मलाही घेऊन चला."