गृहस्थाश्रमातील खूनकथा

रहस्यकथा वाचणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, ही जी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे, तिला बाबूराव अर्नाळकरांची अफाट लोकप्रियताच बहुतांशी कारणीभूत झाली असावी; कारण ज्या गृहस्थाने हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहून झुंजार आणि काळा पहाड यांना खेड्यापाड्यांतल्या वाचकापर्यंत नेऊन पोहोचवले, आणि ज्याच्यामुळे असंख्य माणसांना मुळात वाचनाचीच गोडी लागली, त्याची दखल घेण्याचे औदार्य आपल्या समीक्षकांनी क्वचितच दाखवले. नगरकरांना तरी हा तुच्छताभाव शोभत नाही. येथील जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून एकोणीस वर्षांनी वडील. आणि अगाथा ख्रिस्तीला मराठीत आणणारे मधुकर तोरडमल रंगभूमीला सर्वस्वी वाहून घेण्यापूर्वी याच शहरात इंग्रजीचे प्राध्यापक होते. तेव्हा सरकारी दप्तरात अहिल्यानगर झालेल्या आणि बोलण्यात अद्याप नगरच राहिलेल्या या जिल्ह्यातून स्वीडन, नॉर्वे, आइसलंडकडील खूनकथांची तरफदारी करताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

तरफदारीचे पहिले कारण निखळ प्रापंचिक आहे. ज्या घरात सकाळी शाळेचे डबे, सासूबाईंचे पथ्याचे जेवण आणि नळाला पाणी येण्याची वेळ ही तिन्ही एकाच घटकेला येऊन ठेपतात, ज्या घरात संध्याकाळी मुलांची शिकवणी संपते न संपते तोच दारात पाहुणे उभे राहतात, त्या घरातील बाईच्या वाट्याला वाचनासाठी सलग तास कधीच येत नाही. येतात ते तुकडे, आणि तेही शिट्ट्या मोजता मोजता. अशा वाचकाला ख्रिस्तीबाईंची कादंबरी परवडत नाही. तिचे सारे मर्म सूक्ष्म तपशिलांत असते; ती सावकाराच्या खतावणीसारखी आहे, मधली एक नोंद नजरेतून सुटली की अखेरचा ताळा जुळत नाही. उलट स्कँडिनेव्हियन खूनकथेला कसलीच घाई नसते. तिच्यातले अंमलदारच आठवडेच्या आठवडे अडून बसलेले असतात, आणि आपण चार दिवसांनी पान उघडले तरी तपास तसूभरही पुढे सरकलेला नाही, हे पाहून आपल्याला विलक्षण दिलासा मिळतो.

माय श्योवाल आणि पेर वाल्यो या स्वीडिश लेखकजोडीची १९६५ सालची ‘रोझॅना’ ही कादंबरी पाहावी. गोटा कालव्यातला गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या तोंडी एका तरुण स्त्रीचे प्रेत सापडते, आणि ती कोण, कोठची, हे कळण्यातच दीर्घ काळ निघून जातो. ओळख पटते ती अखेर महासागराच्या पलीकडून, अमेरिकेतील एका पोलीस अंमलदाराच्या निरोपामुळे. दरम्यान मार्टिन बेक हा तपासाधिकारी काय करतो? त्याला सर्दी होते, त्याचे पोट बिघडते, बायकोशी त्याचे पटत नाही म्हणून तो जहाजांच्या लहान प्रतिकृती जोडत बसतो, आणि सकाळी पुन्हा कचेरीत जाऊन तीच ती कागदपत्रे उलगडतो. पंचनामे, जबान्या, प्रवाशांच्या याद्या यांच्या ढिगाऱ्यातून सत्याचा एखादा कण हाती लागण्याची वाट पाहणारा हा मनुष्य, ज्याने आयुष्यात कधी तालुक्याच्या कचेरीत फेरफाराच्या नोंदीसाठी खेटे घातले आहेत त्या प्रत्येकाला आपला सगासोयरा वाटेल. (स्टीग लार्सनच्या कादंबऱ्या माझ्या या प्रेमात पुरत्या बसत नाहीत. त्याची लिस्बेथ सालँडर सर्वज्ञ आणि अजिंक्य आहे; ती झुंजारचीच दूरची नातेवाईक असावी.)

परंतु केवळ सोयीचे म्हणून कोणी एखाद्या वाङ्मयप्रकारावर जीव जडवत नाही. हेनिंग मँकेलच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वॅलंडर-कादंबरीची सुरुवात अशी आहे: दक्षिण स्वीडनच्या शेतवस्तीवर एक वृद्ध शेतकरी जानेवारीतल्या रात्री जागा होतो, आणि शेजाऱ्यांची घोडी नेहमीप्रमाणे खिंकाळली नाही एवढ्यावरून त्याच्या मनात पाल चुकचुकते. शेजारचे म्हातारा-म्हातारी निर्घृणपणे मारले गेलेले असतात; मरता मरता म्हातारी ‘परदेशी’ अशा अर्थाचा एकच शब्द उच्चारते, आणि तो बाहेर फुटताच सारा मुलूख आश्रितांच्या छावण्यांवर दात खाऊ लागतो. हे वाचताना मला इस्टाड गाव दिसत नाही; नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडच्या, गावापासून तुटलेल्या, उसाच्या फडालगतच्या वस्त्या दिसतात. तेथेही कुत्रे भुंकले नाही हीच पहिली खूण असते. तेथेही दरोड्याची बातमी येते न येते तोच गावाची बोटे पालांकडे वळतात. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ साली रद्द केला. गावकीच्या मनातील त्याचा अंमल मात्र कोणत्याही राजपत्राने उठलेला नाही, आणि पारध्यांच्या कोणत्याही पालावर याची साक्ष मिळेल. वॅलंडरला खुनी शोधायचा असतो, पण त्याहून अधिक शर्थीने त्याला तो एक शब्द गावभर होण्यापासून थोपवायचा असतो; आणि हे दुसरे काम त्याच्या हातून निभत नाही.

मला वाटते, या दोन प्रदेशांतले साम्य योगायोगाचे नाही. राष्ट्र हे सर्वांचे एक घर व्हावे, त्यात कोणी लाडका आणि कोणी सावत्र असू नये, ही कल्पना पेर आल्बिन हान्सन याने १९२८ साली स्वीडनपुढे मांडली आणि पुढे पंतप्रधान होऊन पुष्कळ अंशी अमलात आणली. आमच्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीच्या परिसरात १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे जे धुराडे पेटवले, त्याच्या मुळाशीही तशाच जातीचे स्वप्न होते. स्वप्न खोटे नव्हते; शाळा, दवाखाने, पाटपाणी आणि पक्के रस्ते ही त्याची फळे आम्ही आजही खातो. श्योवाल आणि वाल्यो यांना विचारायचे होते ते इतकेच, की घर बांधून झाले, भिंती रंगवून झाल्या, तर मग ओल कोठून येते? २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे चित्रपट पाहून, सोबत एकही रक्षक न घेता, पत्नीबरोबर पायी घरी निघाले असता त्यांचा खून झाला, आणि तो प्रश्न साऱ्या देशाचा झाला. आमच्या जिल्ह्यातील शनिशिंगणापूर घरांना दारे न लावण्याबद्दल जगभर ख्यातनाम आहे. तेथे बँकेने २०११ साली कुलपाविना शाखा उघडली, आणि २०१५ साली पोलीस ठाणेही आले. या दोन तारखांमधील चार वर्षांवर मँकेलने एक कादंबरी सहज लिहिली असती.

आणि आम्ही? नोव्हेंबर २०१७ या एकाच महिन्यात नगरच्या सत्र न्यायालयातून जिल्ह्यातील दोन खुनांच्या खटल्यांचे निकाल बाहेर पडले. कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली. खर्ड्याच्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाल्यानंतर आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही प्रकरणांत जीव गेला तो शाळकरी वयाच्या लेकराचा. त्या दुःखांचा बाजार मांडावा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण साक्षीदार फितूर होतो म्हणजे नेमके काय होते, हे कोण लिहिणार? त्याच्या घरी आदल्या रात्री कोण येऊन बसते, बायको काय म्हणते, उसाची तोड आणि सोसायटीचे कर्ज कोणाच्या हाती असते, आणि दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहून ‘मला काही आठवत नाही’ असे सांगणारा तो मनुष्य संध्याकाळी पारावरून जाताना मान कोठे वळवतो, याची नोंद न्यायालयाच्या रोजनाम्यात होत नाही. रोजनाम्याचे ते कामही नव्हे. ते कादंबरीचे काम आहे. आमच्याकडे मात्र खून पडला की त्याची बातमी होते, मोर्चा होतो, मालिका होते, आणि मग सारे विस्मृतीच्या बस्त्यात बांधले जाते. आमच्या रहस्यकथेतला गुप्तहेर अजूनही बहुधा मुंबई-पुण्यात राहतो, मोटारीतून हिंडतो, आणि त्याला बायकोचे कधी बोलणे खावे लागत नाही.

नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत खूनकथा वाचण्याचा परिपाठ गेली शंभर वर्षे चालू आहे. त्या दिवसांत दुधाच्या खोक्यांवरसुद्धा रहस्यकथा छापून येतात, आणि आईबाप, मुले, आजी असे सगळे कुटुंब ती वाचते. वार्षिक वाचनोत्सवाची ही गोष्ट मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासूनची, आणि त्यांत ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्यांनी गूढ-रहस्याची दिवटी पुष्कळ काळ पेटती ठेवली. संपादकांनी या दिवाळीत जिल्ह्याजिल्ह्यांतून एकेक तपासकथा मागवून पाहावी. निवृत्त फौजदार, न्यायालयातले कारकून, गावच्या माजी पोलीस पाटलीण, तमाशाच्या फडाबरोबर चार तालुके पायाखाली घातलेली माणसे, यांच्याजवळ कच्चा माल तुडुंब आहे.

यावर उत्तर येईल ते मला ठाऊक आहे, कारण ते मी आमच्या घरातच ऐकते: संसार सांभाळून एवढे लिहायला सवड कोणाला आहे? श्योवाल आणि वाल्यो यांच्या घरीही लहान मुले होती. मुलांची निजानीज झाली की ती दोघे एकाच मेजाच्या दोन बाजूंना बसत, प्रकरणे आपसांत वाटून घेत, आणि रात्री लिहीत. तीस-तीस प्रकरणांच्या दहा कादंबऱ्या त्यांनी १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत याच रीतीने पुऱ्या केल्या.