जात वेगळी नाही, म्हणूनच जपायला हवं!



परवा सकाळी डोंबिवलीच्या आमच्या कट्ट्यावर वांग्यावरून वाद पेटला. विषय निघाला भरताचा आणि गाडी घसरली बीटी वांग्यावर. एक निवृत्त बँकवाले ठासून म्हणाले, "अहो, त्यात जिवाणूचं जनुक घातलंय. ती आता वेगळीच जात झाली. आपल्या गावरान वांग्याशी तिचा संकर होणारच नाही, मग भीती कसली?" त्यावर एक बाई उसळून म्हणाल्या, "वेगळी जात आहे, म्हणूनच तर भीती!"

भांडण कडाक्याचं, पण दोघांचाही पाया एकच... आणि तोच चुकीचा. मी जन्मभर मराठी शिकवलं, विज्ञान नव्हे. पण इथे घोळ शब्दाचाच आहे, म्हणून बोलते.

बाजारात आपण 'जात' म्हणतो तेव्हा म्हणायचं असतं 'वाण'. जळगावचं भरिताचं वांगं आणि कृष्णाकाठचं काटेरी वांगं, झाल्या दोन जाती! शाळेच्या पुस्तकातली उतरंड मात्र सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती अशी. त्या हिशेबात ही सगळी वांगी एकाच जातीची. ढोबळ कसोटी सोपी आहे: ज्यांना आपसात संतती होते आणि त्या संततीचाही वंश पुढे चालतो, ते एका जातीचे. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. त्यांचं खेचर होतं, पण ६३ गुणसूत्रांचं ते खेचर सहसा वांझ. म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळं.

आता हीच कसोटी कापसाला लावा. आपल्या देशी कापसाची गुणसूत्रं २६ आणि अमेरिकन कापसाची ५२. दोघेही कापूसच, पण त्यांचं आपसात सहजी जमत नाही. जातीची खरी भिंत ही. बीटी कापूस आणि साधा अमेरिकन कापूस यांच्यात अशी भिंत नाहीच. मार्च २००२ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळालेला बीटी कापूस तयार तरी कसा झाला? जालन्याच्या महिकोने अमेरिकेतून आणलेल्या बीटी कापसाचा इथल्या वाणांशी संकर करूनच ना! धारवाडच्या कृषी विद्यापीठानेही स्थानिक वांग्यांत ते जनुक संकरानेच उतरवलं. जे जमतच नाही असं बँकवाले सांगतात, त्याच्याच जोरावर हा सारा उद्योग उभा आहे.

परदेशातलं उदाहरण घ्या. झपाट्याने वाढणाऱ्या जनुकबदल केलेल्या सामन माशाला अमेरिकेने २०१५ साली मान्यता दिली, ती जमिनीवरच्या बंदिस्त टाक्यांत वाढवण्याच्या अटीवर. शिवाय त्या साऱ्या माद्या, आणि त्याही वांझ करून ठेवलेल्या. वेगळी जात असती तर एवढा बंदोबस्त कशाला? जंगली सामनशी जमेल, ही धास्ती होती म्हणूनच.

म्हणून माझं म्हणणं उलटं आहे. 'वेगळी जात नाही' हा निर्धास्त होण्याचा दाखला नव्हे, तीच काळजीची बाब आहे. आणि ही काळजी म्हणजे राक्षसाची भीती नव्हे, शेजारधर्म आहे.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं एचटीबीटी कापसाचं बियाणं उघडपणे पेरून आंदोलन केलं. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण शेजारच्या ज्या शेतकऱ्याला सेंद्रिय कापूस विकायचाय किंवा घरचं बी धरायचंय, त्याचं काय? मधमाशीला सातबारा वाचता येत नाही!

वांग्याचं तर आपला देश माहेरघर. इथे त्याचे रानटी भाऊबंदही आहेत. ९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्यावर स्थगिती आली, तेव्हा अनेकांनी तिला अडाणीपणा म्हटलं. मला तो अडाणीपणा वाटला नाही. दोन शेतांत अंतर किती, घरचं बी शुद्ध राखायची जबाबदारी कोणाची, मिसळ झाली तर भरपाई कोण देणार, हे आधी ठरवा आणि मग खुशाल पेरा. जनुकाला मालक असतो, तर त्या जनुकाच्या भटकण्यालाही जबाबदार माणूस असायला हवा. एवढंच मागणं.

असो. बँकवाले अजून ऐकत नाहीत. उद्या भरताचा डबा घेऊन जाणार आहे, बघू!