ओवीखालचं नाव

संक्रांतीचं हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, हल्ली उखाणासुद्धा मोबाइलच जुळवून देतो. नवऱ्याचं नाव टाकलं की यमक तयार! मुलांचे निबंध, निरोपाची भाषणं, एवढंच काय, श्रद्धांजलीचा मजकूरही तसाच. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि लिहायची कटकट मिटली, असं अनेकींना वाटतं. वेळ वाचतो, हे खरंच. पण हरवतंय काय, याचा हिशेब कोण मांडणार?

अमेरिकेत 'क्लार्कस्वर्ल्ड' नावाचं विज्ञानकथांचं मासिक आहे. इंटरनेटवर निघणारं, नवोदितांनाही मानधन देणारं. फेब्रुवारी २०२३मध्ये त्यांच्याकडे यंत्राने लिहिलेल्या कथांचा असा लोंढा आला, की संपादक नील क्लार्क यांनी काही आठवडे कथा घेणंच बंद केलं. महिना सरायच्या आत अशा ५००हून अधिक कथा! यात नुकसान कुणाचं? नावाजलेल्या लेखकाला दहा दारं उघडी असतात. पहिलीच कथा धीर करून पाठवणारी मात्र बंद दाराबाहेर राहते.

दुसरी गोष्ट याहून काळजीची. यंत्र शिकतं ते माणसांनी लिहिलेलं वाचूनच. त्याला यंत्राचंच लिखाण पुन्हा पुन्हा वाचायला दिलं तर ते बिघडत जातं, असं संशोधन २०२४मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखंच! आणि सगळ्यात आधी पुसलं जातं ते क्वचित आढळणारं, वेगळं.

असं वेगळं म्हणजे काय, ते आपल्या जात्यावरच्या ओव्यांत पाहा. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर येत आहेत. त्यात सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. शिवाय ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, याची नोंद आहे. यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्या शब्दांखाली त्यांचं नाव आहे. आणि आपण शिकलेल्या बायका आपले शब्द दुसऱ्याकडून करवून घेतोय!

यंत्र वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. आमच्या बचत गटातल्या बायका बँकेचा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतात. खुशाल घ्यावा. अर्जाला कुठे मन असतं? पण मैत्रिणींनो, लेकीला लिहायचं पत्र, आईच्या आठवणी, आजेसासूच्या हातची पाककृती तिच्याच 'अंदाजाने मीठ' या भाषेत, हे तरी स्वतः लिहू या. घरातल्या म्हातारीचं गाणं मोबाइलवर टिपू या, तिला विचारून, तिचं नाव-गाव घालून. यंत्राची मदत घेतली तर तसं मोकळेपणी सांगू या.

शुद्धलेखन चुकेल, यमक जुळणार नाही. चालेल की! पण खाली नाव आपलं असेल आणि वरचे शब्दही.