गाठोड्यांचे अर्थशास्त्र

युद्धामुळे वा यादवीमुळे घरदार सुटलेल्या माणसाला काय द्यावे, हा विचार आपल्याकडे त्याच्या गरजेपासून सुरू न होता देणाऱ्याच्या कपाटापासून सुरू होतो. मणिपुरात मे २०२३ मध्ये हिंसाचार उसळून साठ हजारांच्या घरात माणसे विस्थापित झाली, तेव्हा येथे महादेवपुऱ्यात एका गृहसंकुलाच्या तळमजल्यावरही गाठोडी साठली होती. जुन्या जीन्स, लग्नातले सूट, चक्क टाय! बंगळूरहून इंफाळ रस्त्याने तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे. एवढ्या वाहतुकीच्या भाड्यात तिकडच्याच बाजारातून नवी वस्त्रे येतील, हा हिशेब मांडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

माझे म्हणणे असे की, जेथे बाजार चालू आहे तेथे विस्थापिताच्या हाती रोकडच द्यावी. वस्तू पाठवणे हा अपवाद असावा, नियम नव्हे.

हा विचार परदेशी संस्थांकडून उसना आणण्याची गरज नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली ही माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले. खर्चाची जबाबदारी प्रथम लंडनमधील परागंदा पोलिश सरकारची होती. १९४५ मध्ये त्या सरकारची मान्यता गेल्यावर भार आंतरराष्ट्रीय संघटनांनी उचलला. छावणीत शाळा होत्या, चर्च होते. पण प्रशासकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट वेगळीच आहे. कुटुंबांना भत्ता मिळे, छावणीच्या बाजारातून त्या बाया स्वतः खरेदी करीत आणि आपल्या खोलीत आपला स्वयंपाक करीत. आज काय शिजवायचे हे कोणा अधिकाऱ्याने ठरवले नाही, आणि भत्त्याचा पैसा आसपासच्या विक्रेत्यांकडे फिरला. पुढे त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले व तेथे आजची गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली.

‘रोकड दिली की दारूत जाते’ हा आक्षेप मी सचिवालयांतही ऐकला आहे आणि मराठी मंडळांच्या बैठकांतही. आक्षेप घेणाऱ्यांचा स्वतःचा पगार मात्र तांदळाच्या पोत्यांत होत नाही. शिवाय पोते विकता येत नाही असे थोडेच आहे? ते निम्म्या भावाने विकले जाते, आणि मधला नफा दलाल खातो.

अपवाद खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याच २०२३ मध्ये इंफाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग अडवला गेला आणि खोऱ्यात भाव भडकले. माल नसलेल्या बाजारात नोट घेऊन काय करणार? तेथे धान्य आणि औषधेच हवीत. पण तेव्हाही खरे काम ट्रक सुरक्षित पोहोचवण्याचे, म्हणजे सरकारचे आहे. टायचे गाठोडे त्या ट्रकमधील औषधांची जागा अडवते, एवढेच.

पैसा गोळा करणे अवघड असते असेही नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास निर्वासित आले, तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे शरणार्थी सहायता तिकीट लावणे सक्तीचे झाले. पत्राने खुशाली कळवणाऱ्यानेही भार उचलला.

आणि आजचे उदाहरण पाहायला बंगळूरहून फार दूर जायला नको. तामिळनाडूत श्रीलंकेच्या युद्धातून आलेल्या तमिळांना स्वस्त धान्याबरोबर मासिक रोख साहाय्य मिळते. २०२१ मध्ये ते कुटुंबप्रमुखास १,५००, इतर प्रौढांस १,००० आणि मुलांस ५०० रुपये असे वाढवले गेले. ही रक्कम पुरेशी आहे काय, ती दरवर्षी महागाईबरोबर आपोआप का वाढू नये, छावणीत जन्मलेल्या मुलाने ती किती पिढ्या घ्यावी, यावर आपल्या मंडळांनी निवेदने द्यावीत, भांडावे. तळमजल्यावरची गाठोडी तोवर भंगारवाल्याला द्यावीत आणि येतील ते पैसे पाठवावेत.