ओकखालची अळंबी

गेल्या हिवाळ्यात सासूबाई देवरुखहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात आल्या होत्या. दिवाळी उलटल्यावर पाऊस सुरू होतो याचंच त्यांना आधी नवल. मग एका सकाळी फिरून आल्या त्या पदरात आठ-दहा अळंबी घेऊन.

"अगं, त्या कोपऱ्यावरच्या झाडाखाली नुसती दाटलीत! इथल्या लोकांना किंमतच नाही. ओलं खोबरं आहे ना घरात?"

"आई, जरा थांबा," एवढं म्हणायलाही मला धीर गोळा करावा लागला. ज्या बाईने पन्नास पावसाळे अळंबी निवडून रांधली, तिला पुण्यात पाकिटातले मश्रूम खाऊन वाढलेली मी काय शिकवणार? नवऱ्याने तेवढ्यात फोटो काढून फोनमधल्या ॲपला विचारलं. ॲपने खाण्याजोगं नाव सांगितलं. झालं, माझ्याविरुद्ध दोन मतं!

तरी मी खुरपं घेऊन आईंना त्या झाडाखाली परत नेलं. झाड ओकचं होतं. उरलेल्यांतलं एक अळंबं मुळापासून उकरलं. हिरवट-पिवळी टोपी, तिच्याखाली पांढरे पातळ पापुद्रे, देठाला लोंबतं कडं आणि मातीत फाटक्या पांढऱ्या पिशवीत बसलेलं देठाचं बूड. ही डेथ कॅप. आईंनी देठ वरूनच मोडले होते, त्यामुळे ती पिशवी जमिनीतच राहिली होती. मग ती फोटोत तरी कुठून येणार?

आई बराच वेळ त्या पिशवीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे खाली लांब मूळ निघतं. पार वारुळात गेलेलं."

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. आईंची पारख खोटी नव्हतीच. पण ती वारुळाची, आषाढ-श्रावणाची, ठरलेल्या बांधाची पारख आहे. वाळवीने पोसलेली अळंबी त्यांना अंधारातही ओळखता येतील. डेथ कॅप मात्र ओकच्या मुळांशी संधान बांधून जगते, आणि मूळची युरोपातली ही बया तिकडच्या झाडांच्या मुळांबरोबर इथे आली. झाड परदेशी गेलं तर ती त्याच्या मुळांशी चिकटून गेली. आईंची पारख कशाला चिकटून येणार होती?

'किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालतं' हा आईंचा शेवटचा मुद्दा. गोगलगाईला पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही. चांदीचा चमचा काळा पडण्याची गोष्टही तितकीच खोटी. रंगाचाही भरवसा नाही, फिकट पांढरीही निघते. आणि हे विष शिजवून जात नाही. चव म्हणे चांगली असते! उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात, मग थोडं बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. डिसेंबर २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात १४ जणांना ही बाधा झाली. सगळे वाचले, पण तिघांना यकृत बदलावं लागलं. असं काही चुकून पोटात गेलंच तर त्रास व्हायची वाट बघत बसू नये, उरलेला तुकडा घेऊन तडक हॉस्पिटल गाठावं.

मला तर वाटतं, परमुलखात अळंबी वेचूच नयेत. पिशवी, कडं, पापुद्रे ही लक्षणं मी सांगितली खरी, पण ती 'हे टाका' म्हणण्यापुरती. त्यातलं एखादं दिसलं नाही म्हणून खायला हरकत नाही, असा उलटा अर्थ कुणी काढू नये. नवऱ्याला हे जरा अतिच वाटतं. वाटू दे.

घरी येऊन आईंनी सगळी अळंबी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. साबणाने हात धुतले. "नुसतं हात लावून काही होत नाही हो आई," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा एकदा हात धुतले.